देवाचं गाठोडं

मंगरूळपीरच्या बसस्टँडामागं नानाजींची नऊ खोल्यांची चाळ आहे. तिथं राहायला येतात ती शिकायला आलेली पोरं, बदली होऊन आलेले कंडक्टर, दवाखान्यात पेशंट ठेवलेले पाहुणे, असली चार महिन्यांची वस्ती. भाडेकरू येतो तेव्हा गोड बोलत येतो, नळाला पाणी किती वाजता येतं ते चारदा विचारतो. जाताना मात्र असा जातो की शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. आणि मागं जे सोडून जातो ते उचलायचं कोणी? नानाजी काही स्वतः वाकणाऱ्यातले नव्हते. त्यासाठी कस्तुराबाई होती.

हे काम आधी तिचा नवरा जगदेव करायचा. तो गेला आणि त्याची लोटगाडी, झाडू आणि गावभरच्या घरमालकांशी असलेली ओळख तिच्या वाट्याला आली. व्यवहार साधा. मालकानं कुलूप काढून द्यायचं, हिनं दिवस मावळायच्या आत खोली झाडूनपुसून द्यायची. मागं राहिलेलं सामान हीच मजुरी. भांडी भंगारवाल्याकडे, कपडे धुऊन बाजारात, मोडकी खाट चुलीत.

लोक काय काय सोडून जातात ते तिच्या तोंडून ऐकायला पाहिजे. एका मास्तरनं लग्नाचा अल्बम सोडला होता, बायको मात्र नेली होती. एकजण कुकरमध्ये भात लावून गेला तो गेलाच. कस्तुराबाई हे सांगताना हसायची, पण सामानाला हात लावताना हसत नसे. कागदाचं तिला फार. वाचता येत नव्हतं, पण गोल शिक्का दिसला की तो कागद रद्दीत जायचा नाही. थेट नानाजींच्या टेबलाच्या खणात. एका पोराला अशीच दहावीची मार्कशीट दीड वर्षानं परत मिळाली होती आणि तो पेढे घेऊन आला होता.

आणि देवाचं तर विचारूच नका. तसबिरी ती पिंपळाच्या पारावर ठेवायची. कापडात बांधलेला देव असला तर गाठ सोडायची नाही, कारण दुसऱ्याच्या घरचा देव आपण उघडा करायचा नसतो. घरी न्यायचा नाही, विकायचा तर मुळीच नाही. वाहत्या पाण्यात सोडायचा. भंगारवाला म्हणायचा, "बाई, पितळ हाये अंदर, पानी काय करीन त्याचं?" त्याला ती असं काही बोलायची की तो पुढचे आठ दिवस तिच्या मालाकडे बघून माल तोलायचा, तोंडाकडे बघायचा नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि थोडा ताठाच होता म्हटलं तरी चालेल.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नानाजींनी तिला बोलावलं.

"कस्तुराबाई, सहा नंबर आजच्या आज खाली करून दे. उद्या नवीन पोरं येऊन राह्यले."

"सहा नंबर? ते तांड्यातली म्हातारी अन् तिची नात राहे ते?"

"हाव. तीन महिने झाले कुलूप हाये. फोन लावू लावू बोटं दुखले माये. बंदच लागते."

कस्तुराबाईला त्या दोघी आठवत होत्या. पोहरादेवीकडच्या तांड्यातली माणसं. मायबाप दर वर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला तिकडं पश्चिमेला जायचे, आणि पोरगी बारावीला म्हणून आजीला सोबत देऊन इथं ठेवली होती. पोरीचं नाव निता. दारात बसून मोठमोठ्यानं पाठ करायची आणि आजी गोमतीबाई पुढ्यात बसून ऐकायची, जसं काही पोथीच चालली आहे. एकदा कस्तुराबाईनं विचारलं, समजते का तुमाले? म्हातारी म्हणाली, मले नाही समजत, पन तिले समजते ना.

नानाजींनी कुलूप तोडलं. खोलीत कोंदट वास होता. दोन गोधड्या, एक ट्रंक, स्टोव्ह, चार भांडी, दोरीवर वाळत घातलेला पोरीचा ओढणी-ड्रेस. दुरडीतले कांदे कोंब फुटून सुकून गेले होते. कस्तुराबाईनं ट्रंक उघडली. कपडे, वह्या, एक आरसा. वह्यांची पानं तिनं एकेक उलटून पाहिली, शिक्क्याचा कागद कुठं दिसला नाही.

मग तिची नजर कोनाड्याकडे गेली. तिथं लाल कापडाचं गाठोडं होतं. वर हळदीकुंकवाचे थर, पुढं वातीची काजळी. कस्तुराबाईचा हात थबकला. माणूस ताट विसरतो, गोधडी विसरतो, पण घरचा देव मागं ठेवून कोणी खोली सोडत नाही. एवढं तिला या कामात नक्की कळलं होतं.

ती बाहेर येऊन नानाजींना म्हणाली, "हे लोक पयाले नाहीत. देव इथीसाच हाये त्यायचा. वापस येतीन ते."

"मंग फोन काहून बंद हाये? आले तं आले. पोरायनं खोली धरली, त्यायले काय सांगू मी?"

"चार दिवस तुमच्या घरी ठेवा मंग गाठोडं."

नानाजी दोन पावलं मागं सरकले. "मायाघरी? बाई, दुसऱ्याचा देव घरात ठेवून मले घरात आजार आनाचा हाये का? तुया घरी ने."

आणि खरं सांगायचं तर इथं कस्तुराबाईही भ्यालीच. तांड्याचा देव. त्याला काय लागतं, कोणत्या वारी काय दाखवतात, आपल्याला काय ठाऊक? उपाशी ठेवला आणि कोपला तर? जगदेव गेला त्या वर्षी घरात काय काय झालं ते तिला आठवलं. तिनं पदरानं गाठोडं उचललं, हातात धरलं. आत काहीतरी जड, गोल, पितळेसारखं लागलं, आणि दाबलं तेव्हा चुरचुरलं. जुनी विड्याची पानं असतील, तिनं मनात म्हटलं. आणि पुढचा विचार न करता जे दर वेळी करायची तेच करायचं ठरवलं.

पण जे केलं ते जीव लावून केलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, नवा नारळ घेऊन ती ऑटोत बसून अडाण नदीच्या पुलावर गेली. नदीला नुकतं पाणी आलं होतं. गाठोडं तरंगून काठाला लागायचं, गुराढोरांच्या पायाखाली यायचं, म्हणून तिनं एक चांगला गुळगुळीत धोंडा शोधला आणि सुतळीनं त्याला घट्ट बांधला. "माय, मी तुले ओयखत नाही, पन तुई हेळसांड होऊ दिली नाही," असं म्हणून मधल्या धारेत सोडलं. ते डुबूक करून गेलं. परत येताना तिला फार बरं वाटलं. दिवसभराची मजुरी बुडाली होती, तरी बरं वाटलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती लोटगाडी घेऊन चाळीवरून चालली होती, तर सहा नंबरच्या दारात एक माणूस आणि एक पोरगी उभी. आत नवी पोरं गादीवर लोळत होती. माणसाच्या डोक्यावर मळका रुमाल, हनुवटीवर वाढलेली दाढी. पोरगी ओळखू आली, पण फार वाळली होती.

"मावशी," निता म्हणाली, "नानाजी मनते का सामान तुमी नेलं."

कस्तुराबाई मनातून तयारच होती. असे प्रसंग तिच्यावर आले होते, शिव्याही खाल्ल्या होत्या. "हाव बाई. तीन महिने कुलूप होतं. तुमी होते कुठी?"

बोलला तो बाप, खेमा. आवाज खाली होता. आईला एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आला. पोरगी एकटी. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिनं म्हातारीला यवतमाळला नेलं. तेव्हापासून दवाखान्यातच. फोनचा बॅलन्स संपला, मग फोनच विकला. बारा दिवसांपूर्वी म्हातारी गेली.

"मंग तं मायं चुकलंच," कस्तुराबाई म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं. "ट्रंक हाये अजून मायापाशी. वह्या बी हायेत. भांडे मात्र इकले."

"भांड्यायचं काही नाही, मावशी," निता घाईनं म्हणाली. "कोनाड्यात लाल गाठोडं होतं."

आणि इथं कस्तुराबाईचा चेहरा उजळला. हे सांगायला तिला आजही कसंतरी होतं, पण उजळला. इतक्या वाईट बातमीनंतर आपल्याकडे सांगायला एक तरी चांगली गोष्ट आहे असं तिला वाटलं.

"त्याची तू काळजी करू नको माय. कोनाचा हात लागू देला नाही मी त्याले. गाठ बी सोडली नाही. नारळ फोडून अडाणात सोडलं, मधल्या धारेत. धोंडा बांधून."

खेमानं दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले.  निता चाळीच्या ओट्यावर खाली बसली.

मग जे कळलं ते कस्तुराबाईला एका दमात समजलंच नाही, नितालाच दोनदा सांगावं लागलं. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता. सरकारी कॉलेज. जागा राखीव, म्हणून जातीची पडताळणी लागते, आणि पडताळणीला जुना पुरावा लागतो, एकसष्ट सालाच्या आधीचा. नव्या दाखल्यानं भागत नाही. साऱ्या भावकीत त्या काळात शाळेत गेलेला माणूस एकच, गोमतीबाईचा नवरा सोमला. दुसरीपर्यंत शिकला आणि शाळा सोडली. सोडली त्याचा दाखला मिळाला होता, सत्तावन्न सालचा, त्यावर जात लिहिलेली, गोल शिक्का मारलेला. गोमतीबाईच्या लेखी घरात याहून मोलाची वस्तू नव्हती. आणि मोलाची वस्तू ठेवायची कुठं, तर देवापाशी. तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून जगदंबेच्या मूर्तीसोबत त्या लाल कापडात बांधला होता. दर मंगळवारी वरून कुंकू लावायची.

"झेरॉक्स असंन ना त्याची," कस्तुराबाई म्हणाली. 

"हाये. पन साहेब मनते मूळ कागद दाखवा, नाही तं शाळेचं रजिस्टर दाखवा. रजिस्टर कवाच पुरात गेलं. मंग नुसत्या झेरॉक्सले कोन मानते, मावशी?"

"कवापर्यंत द्या लागते?"

"सप्टेंबरच्या दहा तारखेपर्यंत."

कस्तुराबाई त्यांना घेऊन त्याच पावली नदीवर गेली. ऑगस्टची अडाण ती. दोन्ही काठ भरून गढूळ पाणी चाललेलं, मधल्या धारेकडे बघूनच डोळे फिरावेत. पुलावर उभं राहून तिनं बोटानं जागा दाखवली आणि दाखवतानाच तिला कळलं की आपण किती मूर्खासारखं करतोय. पाण्यात जागा कुठली असते? तरी खाली वस्तीतल्या एका मासे धरणाऱ्याला तिनं विनवलं. तो पाण्यात उतरला नाही, नुसता हसला. मग तिघांचे चेहरे पाहून हसायचा थांबला.

"धोंडा बांधला मनता तुमी," तो म्हणाला. "तं गाळात बसलं असंन. नसता बांधला तं खाली बंधाऱ्याच्या जाळीले लागलं असतं. तिथं सारं लागते. नारळं, ओट्या, सारं."

हे त्यानं सहज म्हटलं.  पण कस्तुराबाईनं शोधून शोधून गुळगुळीत धोंडा निवडला होता.

परतताना ऑटोत निता तिच्या शेजारी बसली होती. ती न रागावता, न रडता म्हणाली, "मावशी, तुमी चोरी केली असती तं बरं झालं असतं. मूर्ती भंगारात इकली असती तं कागद तिथंच फेकला असता कोनी. मी कचऱ्यातून येचून आनला असता."

कस्तुराबाईला आयुष्यात शिव्या कमी मिळाल्या नव्हत्या. दारू प्यालेल्या भाडेकरूनं एकदा वीट मारली होती, त्याचा व्रण कपाळावर आहे. पण असं कोणी काही बोललं नव्हतं. 

पुढचा महिना तिनं काम सोडल्यासारखंच केलं. वाशीमला पडताळणीच्या कचेरीत त्यांच्यासोबत तीनदा गेली. शंभराच्या स्टँपच्या कागदावर लिहून दिलं की मी, कस्तुराबाई जगदेव, अमुक दिवशी देव समजून गाठोडं पाण्यात सोडलं, त्यात कागद होता. अंगठा उठवला. खिडकीतला बाबू काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, तुमी खोटं बोलत नाही हे मले दिसते," तो म्हणाला. "पन तुमी पाह्यला होता का कागद? तुमाले वाचता येते का? गाठोडं तं तुमी उघडलंच नाही मनता. मंग त्यात काय होतं याची साक्ष तुमी कशी देता?"

 गाठ सोडली नाही हे तीच तर गावभर मिरवत आली होती.

निता मात्र चिवट निघाली. ती शिक्षण खात्यात गेली, अभिलेखांच्या खोलीत बसून धूळ खात जुनी बाडं चाळली, तांड्यातल्या म्हाताऱ्यांची नावं लिहून घेऊन त्यांच्यापैकी कोणाची कुठं नोंद आहे का ते शोधलं. एक नाव सापडलं, ते दुसऱ्याच सोमलाचं निघालं. कस्तुराबाई डबा घेऊन जायची, पोरगी अर्धी भाकर खायची. दहा तारीख गेली. अकराला निता खिडकीपाशी गेलीच होती. मुदत संपली, जागा गेली, एवढंच ऐकून ती बाहेर आली आणि बसस्टँडवर जाऊन गाडीत बसली, कस्तुराबाई मागून हाका मारतेय याचं भान न ठेवता.

त्यानंतर दीड महिना काही खबर नव्हती. कस्तुराबाईनं मनाची समजूत घातली होती की पोरगी हुशार आहे, पुढच्या वर्षी काहीतरी करेल, दुसरं कॉलेज, दुसरा कोर्स. रोज झाडताना ती स्वतःला हेच सांगायची. आणि दिवाळी चार दिवसांवर असताना सकाळी सकाळी तिच्या दारात मोटरसायकल थांबली. खेमा उतरला, मागून निता. खेमाची दाढी केलेली, अंगावर धुतलेला सदरा. त्यानं पिशवीतून हळदीच्या अक्षता काढल्या.

"निताचं लगन हाये, मावशी. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी, तांड्यावर. पोरगा आमच्या ऊसतोडीच्या टोळीतलाच हाये, करण मनून. टोळी निंगाच्या आधी उरकून घेतो. दोघायचा कोयता होते मंग, मुकादम बी आगाऊ नाव लिहून बसला."

कस्तुराबाईला कोयता म्हणजे काय ते माहीत होतं. नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या पोरीला टोळीत घेत नाहीत.

"खेमाभाऊ, असं काहून करून राह्यला तू?" ती म्हणाली. "एक वर्स थांब. पोरीचं डोस्कं हाये. मी ठेवतो तिले मायाघरी, मायी भाकर खाईन. मायामुळं झालं ना हे, मले भरून देऊ दे."

"तुमच्यामुळं?" खेमा चकित होऊन म्हणाला. "नाही मावशी, असं मनू नका. तुमी तं पुन्याचं काम केलं. लोक देव इकतात, तुमी नारळ फोडून पोचवलं. तुमच्या हातून कागद गेला तो याडीनंच, जगदंबेनंच नेला. तिच्यापाशी ठेवला होता, तिनं ठेवून घेतला. पोरीनं शिकावं असं तिच्या मनात असतं तं तुमच्या बुद्धीले गाठ सोडाची इच्छा झाली नसती का?"

"अरे, मी भ्याली होती. तुमच्या देवाले भ्याली मनून घरी नाही नेलं. याडी-बिडी कोनी नाही बुडवला कागद. मी बुडवला. या हातानं. धोंडा बांधून."

खेमानं कानाला हात लावले. "असं बोलू नका सणासुदीचं." आणि त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला. सगळ्या तांड्यात तिचं नाव झालं आहे, असं तो सांगत होता. पोहरादेवीच्या गर्दीतही लोक तिची गोष्ट सांगतात, की मंगरूळच्या एका बाईनं परक्याचा देव कसा जपला. लग्नात पहिल्या रांगेत बसायचं आहे तिला.

कस्तुराबाईला वाटलं, यानं एक शिवी दिली असती तर मी वाचले असते. ती निताकडे वळली. पोरगी मोटरसायकलजवळच उभी होती. नव्या बांगड्या, डोक्यावरून ओढणी. हनुवटीवर कोवळं गोंदण होतं, अजून सूज उतरलेली नव्हती.

"तुले पटते का हे?" कस्तुराबाईनं तिला विचारलं. "याडीनं नेला मनून?"

निता बापाकडे बघून मग तिच्याकडे बघायला लागली.

"बापू रातभर रडत होता, मावशी," ती हळूच म्हणाली. "देवीनं नेला मनलं तवा जेवला. आता मी नाही मनलं तं तो अजून रडीन."

"अन् तू?"

"मी जाऊन राह्यली ना ऊसाले," निता म्हणाली. "सकाळी चारले उठा लागते मनते तिथं."

खेमानं तोवर अक्षता पुढं केल्या होत्या. कस्तुराबाईनं पदर पसरून त्या घेतल्या. नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं.